वाऱ्यानं न गेलेली चिठ्ठी

गणपतमिस्त्री, तुमची चिठ्ठी मला मिळाली होती.

एवढं एक वाक्य. अकरा वर्षं ते मी कुणाजवळ बोललो नाही. माझी बायको सुमन होती तोवर तिलाही नाही, तुम्हाला तर नाहीच. आता तुम्ही नाही, म्हणून लिहितोय. माणूस गेल्यावर त्याच्याशी खरं बोलायला फारसा धीर लागत नाही, हे मला कळतं. तरी लिहितोय, कारण तुमच्या तेराव्याला मी पुन्हा एकदा तेच खोटं बोलून आलो, आणि तेव्हापासून या रिकाम्या फ्लॅटमध्ये ताट वाढून घेतो आणि तसंच झाकून ठेवतो.

एकदम तिथं नको. आधी थोडं रविवारांचं बोलू द्या.

कारखान्यानं उसाची छोटी रेल्वे बंद केली, तेव्हा कुणाला वाईट वाटल्याचं मला आठवत नाही. ट्रॅक्टर आले होते, ऊस थेट गाळपाच्या गव्हाणीवर पडत होता. दोन फुटी रुळांवरून वीस डबे घेऊन कण्हत येणारं इंजिन कुणाला हवं होतं? लाईन उखडून सगळं भंगारात द्यायचं ठरलं. मग पुण्याचे लिमये आले. जुनी इंजिनं जपणाऱ्या मंडळींचे ते पुढारी. गळ्यात कॅमेरा, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांना एक इंजिन, दोन डबे आणि मिळतील तेवढे सुटे भाग हवे होते. मालकांनी हो म्हटलं आणि ते काम माझ्या गळ्यात मारलं, कारण मी स्टोअरकीपर, रजिस्टर माझ्याकडे. मी तुम्हाला मागून घेतलं, कारण शेडमधला एकेक बोल्ट तुम्हाला नावानिशी ठाऊक होता.

लाईन अजून पूर्ण उखडलीही नव्हती, तर निम्मी गावात गेली होती. कुणाच्या गोठ्याला रुळाची तुळई, कुणाच्या विहिरीवर डब्याचं चाक. दर रविवारी माझ्या स्कूटरवर तुम्ही मागं बसायचे, मांडीवर पोतं, पोत्यात बोल्ट खोलायचे पाने. वस्त्यावस्त्यांवर जाऊन आपण मागून आणायचो. त्या लोखंडी पट्ट्यांची आठवण आहे? दोन रूळ जोडायच्या पट्ट्या एका आजीबाईंनी घराच्या पत्र्यावर वजन म्हणून ठेवल्या होत्या. तुम्ही शिडी लावली तशी ती खालून ओरडली,

"ए बाबा, वजन काढलं तर पत्रा उडंल माझा. मंग तू बसशील का वर?"

"बसतो की, आत्याबाई. दोन टायमाला भाकर देशील का?"

"भाकर देईन, पन तुझं वजन कुठंय? तूच आधी उडशील."

शेवटी तुम्ही बांधावरून चांगले मोठे धोंडे वाहून आणले, एकेक वर चढवला, आणि मगच पट्ट्या काढल्या. ऊन मरणाचं होतं. निघताना तिनं दोघांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले आणि मला म्हणाली, "हा तुझा बाप का?" मी नाही म्हणालो. स्कूटर चालू झाल्यावर तुम्ही मागून म्हणालात, "हो म्हनायचं हो भाऊसाहेब. म्हातारीला काय फरक पडत व्हता."

मिस्त्री, त्या वर्षीइतके भरलेले रविवार मला पुन्हा मिळाले नाहीत.

तुम्ही मला ऐकायला शिकवलंत. हातोडीनं बोल्टवर टिचकी मारायची आणि कान लावायचा. घट्ट असला तर खणखणीत बोलतो, ढिला असला तर घोगरा. मी रजिस्टरात बघून सांगायचो की हा भाग अमुक साली बदललाय. तुम्ही टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "कागदावर बदलला आसंल. हितं नाय बदलला." आणि दर वेळी तुमचं खरं निघायचं. दर वेळी. तरीही मी काही शिकलो नाही, हे पुढं आलंच.

आपला वाद मात्र खरा होता, तो नुसता माझ्या अहंकाराचा नव्हता. लिमयांना इंजिन चौथऱ्यावर उभं करायचं होतं, रंग देऊन, कुंपण घालून. तुम्हाला ते पटत नव्हतं. "जे चालत नाय ते इंजन नाय. ती घागर हाय, पान्याची." मी म्हणायचो, घागर का होईना, राहील तरी. भंगारात गेलं तर घागरही राहायची नाही. तुम्ही म्हणायचे, "ऱ्हानं आणि नुसतं उभं ऱ्हानं एक नाय, भाऊसाहेब." हा वाद आपण संपवला नाही. आता सुमन गेल्यापासून या दोन खोल्यांत मी नुसता उभा असतो, तेव्हा तुमची बाजू मला पटते. पण ते सांगायला उशीर झाला.

मग ती मीटिंग. शेडमध्ये तेव्हा दोनच वाफेची इंजिनं धड उरली होती, दोन नंबर आणि चार नंबर. एक नंबर कधीच मोडीत गेलेलं. त्यामुळं सगळ्यांत जुनं ते दोन नंबर, आणि लिमयांना सगळ्यांत जुनंच हवं होतं. चीफ इंजिनिअर साहेबांच्या केबिनमध्ये आपण चौघं. तुम्ही दाराशी उभे, टोपी हातात. लिमयांनी विचारलं, "मग दोन नंबर नक्की ना?" आणि तुम्ही मध्येच बोललात.

"साहेब, चार नंबर ठेवा."

"का हो? जुनं तर दोन आहे."

तुम्ही एकदा इंजिनिअर साहेबांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि गप्प झालात. त्या बघण्याचा अर्थ मी लावायला हवा होता. त्याऐवजी मी विनोद केला. म्हणालो, "मिस्त्री मी लागल्यापासून चार नंबरच चालवतात. बायकोपेक्षा त्याच्यावर माया."

सगळे हसले. तुमची बायको जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मला ते माहीत होतं, जीभ सुटल्यावर आठवलं. तुम्ही टोपी डोक्यावर घातली आणि "बरं" म्हणून गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास स्टोअरच्या खिडकीतून एक घडी केलेला कागद आत सरकला. मी मागच्या मांडणीत होतो. खिडकीशी आलो तेव्हा तुम्ही शेडकडं निघालेले पाठमोरे दिसलात. तुमच्या वेणूच्या वहीचं पान होतं ते, दुरेघी. सगळी अक्षरं पेन्सिलनं, खूप दाबून.

*भाऊसाहेब पाट्या बदली आहेत. चारची पाटी आहे ते खरं दोन. दांडी पुसून बघा आकडा आहे. कापु नका. गणपत.*

हे तुम्ही आयुष्यात दुसऱ्या कुणाला लिहिलेलं पहिलं आणि शेवटचं पत्र. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की मिस्त्री पन्नाशीत पोरीकडून पाटीवर अक्षरं गिरवायला शिकलाय आणि पगाराच्या वहीवर अंगठ्याऐवजी सही ठोकताना इकडंतिकडं बघून हसतो.

आपल्या शेडचा एक नियम होता, तो मला ठाऊक नव्हता. मी लागायच्या आधीचा. गाळप सुरू व्हायच्या तोंडावर बॉयलर इन्स्पेक्टर यायचा आणि त्याच्या कागदावर बॉयलरची ओळख इंजिनाच्या नंबरानं लिहिलेली असायची. एका वर्षी दोनचा बॉयलर गळत होता. तुम्ही चारचा चांगला बॉयलर काढून दोनच्या सांगाड्यावर बसवला. कागद बदलायला महिने लागले असते, म्हणून इंजिनिअर साहेबांनी सांगितलं, पाटी बॉयलरबरोबर जाऊ द्या. तशी पितळी नंबराची पाटीही गेली. म्हणजे खरं जुनं दोन नंबर त्या दिवसापासून चारची पाटी लावून फिरत होतं, आणि नंतर दुरुस्त झालेला बॉयलर पाठीवर घेऊन खरं चार, दोन म्हणून. रजिस्टरात यातलं अक्षरही नाही. केबिनमध्ये ज्या साहेबांनी हे करायला लावलं, ते समोर बसले होते. बाहेरच्या माणसापुढं त्यांना उघडं कसं पाडणार? म्हणून तुम्ही लिहिलंत. तोंडानं बोलता आलं नाही ते हातानं केलंत.

हे सगळं मला नंतर तुमच्याकडूनच कळलं. पण चिठ्ठीत पुरेसं होतं. *दांडी पुसून बघा.* चाकांना जोडणारी ती लांब दांडी, तिच्यावर बनवणाऱ्यांनी आकडा ठोकलेला असतो. स्टोअरपासून शेड दोनशे पावलं. रॉकेलचा बोळा माझ्या टेबलाखालीच होता. पाच मिनिटांचं काम.

मी नाही गेलो. मिस्त्री, मी विसरलो नाही, समजून घ्या. विसरलो असतो तर ती इतकी वर्षं जपून ठेवली नसती. मी चिठ्ठी नीट वाचली, दोनदा वाचली, आणि मला वाटलं, म्हातारा वकिली शिकला. काल हट्ट चालला नाही, म्हणून आज गोष्ट रचून आणली. आपलं चार नंबर वाचवायला रजिस्टरलाच खोटं पाडतोय. मला राग आला. दहा वर्षं मी राखलेलं रजिस्टर, आणि हा चार अक्षरं शिकलेला माणूस मला पेन्सिलनं सांगतो, पाट्या बदली आहेत. मी चिठ्ठीची घडी केली, चष्म्याच्या डबीत ठेवली आणि भंगारवाल्याच्या यादीवर लिहिलं: इंजिन क्रमांक चार. खाली सही केली.

दुसऱ्याच दिवशी कापायला मालेगावहून अक्रम नावाचा गॅस कटरवाला आला. त्यानं बॉयलर कापला, मग सांगाड्याकडं वळला. दांडीवर वर्षानुवर्षांची ग्रीस साचलेली, ज्योत लावायच्या आधी त्यानं बोळ्यानं ती पुसली. आणि मोठ्यानं म्हणाला, "अरे, इसपे तो दो लिखा है. चार बोला था ना?"

मी तिथंच होतो. तुम्हीही तेवढ्यात येऊन पोचला होतात. तुम्ही पुढं होऊन वाकलात, बोटानं तो आकडा चाचपलात, जसं आपण लहान पोराचं कपाळ बघतो. मग सरळ झालात. अक्रमला म्हणालात, "काप आता. अर्धी तर गेलीच." आणि दुपारी स्टोअरच्या खिडकीशी आलात.

"भाऊसाहेब, काल चिठ्ठी मिळाली व्हती का?"

"कसली चिठ्ठी?"

मी किती पटकन विचारलं ते. विचार करायला वेळच लागला नाही.

"हितं खिडकीतून सरकवली व्हती. अकराला."

"नाही बुवा. मला नाही दिसली."

तुम्ही खिडकीच्या चौकटीकडं बघितलं, मग बाहेर बघितलं. पलीकडं निलगिरी हलत होती. आणि तुम्ही स्वतःच मला सुटका दिलीत. "वाऱ्यानं गेली आसंल." मग म्हणालात, "माझंच चुकलं. हातात द्याया पायजे व्हती."

मिस्त्री, तुम्हाला संशय आला होता का? हे एकच मला विचारायचं होतं. अकरा वर्षांत तुम्ही एकदाही तसं दाखवलं नाहीत. कधी वाटतं तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि तुम्ही मला वारा दिलात, जसा त्या आजीबाईला धोंडा दिलात. कधी वाटतं, नाही, तुम्ही सरळ माणूस, तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात. यातलं जास्त वाईट काय, ते मला अजून ठरवता येत नाही.

वारा माझ्या वाट्याला आला, पण त्याचा भार तुम्ही उचललात. शेड बंद झाल्यावर तुमचा फंडाचा अर्ज मीच भरला. सहीची जागा दाखवली, पेन पुढं केलं. तुम्ही शाईचं पॅड ओढलंत.

"सही करा की मिस्त्री. येते ना तुम्हाला."

"नको. अंगठा बरा." तुम्ही अंगठा टेकवला, कागदावर दाबला, आणि हसून म्हणालात, "अंगठा वाऱ्यानं उडत नाय."

पॅड माझ्या हातात होतं. माझ्या बोटांना शाई लागली. तेव्हा सांगायला हवं होतं. तुमच्या बोटांतून अक्षरं गेली, हे मी समोर बसून बघितलं, आणि मी फक्त म्हणालो, "इथंही एक लावा."

नंतर मी नाशकात आलो, सातपूरला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये लागलो. लिमयांच्या मंडळींनी ते इंजिन इथंच, शहराबाहेर एका मोकळ्या शेडमध्ये उभं केलं. काळा रंग, लाल पट्टा, पुढं बोर्ड: कारखान्यातील सर्वांत जुने इंजिन, क्रमांक दोन. बोर्डाचा मजकूर माझा. लिमयांनी फोन करून मागितला आणि मी सांगितला.

दर खंडेनवमीला तुम्ही पहिल्या एसटीनं सीबीएस स्टँडवर उतरायचे. आपण पंचवटीत जाऊन झेंडूची माळ घ्यायचो, पाच हातांची, आणि स्कूटरवरून त्या शेडकडं जायचो. तुम्ही नारळ फोडायचे, चाकाला हळदकुंकू लावायचे. पहिल्या वर्षी मला राहवलं नाही. विचारलं, "मिस्त्री, ही तर आपली नाही. ही खरं चार आहे. माळ कशाला?"

तुम्ही माळेची गाठ मारत होतात. म्हणालात, "हिचा काय दोस? दुसरीच्या नावानं उभं ऱ्हावं लागतंय बिचारीला. हिलाबी कोनी पायजे ना."

त्यानंतर मी कधी विचारलं नाही. तुम्ही दर वर्षी हातोडी आणायचे, पिशवीत गुंडाळून. एकेका बोल्टवर टिचकी मारायचे, कान लावायचे. राखणदार म्हणायचा, "बाबा, चालत नाही ती आता." तुम्ही म्हणायचे, "म्हनूनच. चालतीला कोनीबी बघतं." मग आपण टपरीवर भजी खायचो आणि तुम्ही दुपारची एसटी धरायचे. मी बस हलेपर्यंत उभा राहायचो. दर वर्षी ठरवायचो, या वेळी सांगू. दर वर्षी बस हलायची.

सुमन गेली त्या वर्षी तुम्ही खंडेनवमीची वाट बघितली नाही. दुसऱ्याच दिवशी आलात, दारात चपला काढल्यात आणि तीन दिवस राहिलात. एक शब्द सांत्वनाचा बोलला नाहीत. गॅसची शेगडी उघडून साफ केलीत, नळाचे वॉशर बदललेत, दाराची कडी घट्ट केलीत. घरातलं ढिलं ढिलं सगळं टिचक्या मारून शोधलंत. जाताना म्हणालात, "घरातला आवाज बसला की बोलावत जा." मी बोलावलं नाही. तुमच्यासमोर बसलो की चष्म्याची डबी खिशात जड व्हायची.

वेणूचा फोन आला तेव्हा मी कामावर होतो. पोचलो तोवर नदीकाठी सगळं उरकलं होतं, लोक पांगत होते. मी तुमचं तोंड बघितलं नाही. कदाचित मला ते बघायचं नव्हतं.

तेराव्याला जेवणं झाल्यावर वेणू माझ्याजवळ येऊन बसली. आता शाळेत शिकवते ती, पहिलीच्या वर्गाला. दाराला अडण म्हणून लावलेला लोखंडाचा तुकडा तिनं उचलून माझ्यापुढं ठेवला. दांडीचा कापलेला तुकडा, त्यावर दोनचा आकडा, हाताळून हाताळून चकचकीत झालेला. तुम्ही अक्रमकडून मागून घेतला असणार. मला कधी बोलला नाहीत.

"काका," ती म्हणाली, "दादा त्या चिठ्ठीचं शेवटपर्यंत काढायचे. मीच बसवलं होतं त्यांना लिहायला. 'बदली'ला तीनदा खोडलं त्यांनी. म्हणायचे, मला लिवता येत नाय म्हनून इंजन गेलं. मी किती सांगायचे, दादा, अक्षर चांगलं होतं तुमचं." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला खरंच मिळाली नव्हती ना हो?"

डबी माझ्या खिशात होती. चिठ्ठी डबीत. हात घातला असता तर पुरे होतं.

"नाही ग," मी म्हणालो. "वाऱ्यानं गेली असणार."

तुमचाच शब्द वापरला मी, मिस्त्री. तुम्ही मला सुटावं म्हणून दिलेला. तिनं मान हलवली, तो तुकडा उचलला आणि पुन्हा दाराशी लावला.

काल मी लिमयांना फोन केला. आता ते फार थकलेत, माझं नाव लगेच आठवलं नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं, की बोर्डावरचा नंबर चुकलाय आणि चूक माझी आहे. ते म्हणाले, "इतक्या वर्षांनी? बरं, बदलून घ्या की." इतकं सोपं होतं. रंगारी शनिवारी येतोय. 'सर्वांत जुने' पुसलं जाईल, दोन खरवडून तिथं चार येईल, आणि त्या बिचारीला तिचं नाव मिळेल.

बोर्ड बदलला म्हणजे झालं, असं मला वाटत नाही. तुमचं अक्षर चांगलं होतं, मिस्त्री. ठळक, दाबून काढलेलं, एकही अक्षर वाचायला अडलं नाही. मी ते वाचलं होतं, समजलं होतं, आणि इंजिन माझ्या सहीनं गेलं. तुमच्या लिहिण्यानं नाही. हे वेणूसमोर बसून तिला सांगायचं आणि चष्म्याच्या डबीतला तो कागद तिच्या हातात द्यायचा, एवढं माझ्याकडून बाकी आहे.